वाळूतलं वाण

न्यूझीलंडमध्ये संक्रांत ऐन उन्हाळ्यात येते. पामर्स्टन नॉर्थमधल्या आम्ही वीस-पंचवीस मराठी बायका, बहुतेक जणी हॉस्पिटलशी या ना त्या नात्याने बांधलेल्या, जानेवारीच्या उन्हात काळ्या साड्या नेसून घामाघूम होत एकमेकींकडे हळदीकुंकवाला जायचो. तिळाचे लाडू हातालाच चिकटायचे. आणि वाण काय लुटायचं, यावरून दरवर्षी डोक्याला ताप. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. एका संक्रांतीला तर तिघींनी एकाच दुकानातून चहाची गाळणी आणली होती. घरोघरी तीन-तीन गाळणी! मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, की पुढच्या वर्षी माझ्याकडे स्टील नाही, प्लास्टिक नाही, घरात ठेवायची कुठलीही वस्तू मिळणार नाही. माझं तोंड असं आधी चालतं. मग काय द्यायचं, ते मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

ते ठरलं आंटींमुळे. आंटी म्हणजे हॉस्पिटलच्या लाँड्रीत उभं आयुष्य काढून निवृत्त झालेल्या एक माओरी बाई. मोठमोठे डॉक्टरसुद्धा त्यांना आंटीच म्हणायचे. मी तिथे फार्मसिस्ट होते. दर महिन्याला त्या माझ्या काउंटरवर रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या आणि माझी चौकशी करून जायच्या. त्या डिसेंबरात मात्र पिशवी उचलून मुकाट्याने निघाल्या. मी हाक मारून थांबवलं आणि काय झालं ते विचारलं.

त्या शहराच्या पश्चिमेला, गाडीने अर्ध्या तासावर, नदी समुद्राला मिळते तिथल्या वस्तीत राहायच्या. घरापुढे वाळूचा लांबट उंचवटा आणि त्यापलीकडे पाणी. गेली काही वर्षं उधाणाची भरती आली की तो उंचवटा लचके तोडल्यासारखा तुटत होता. कौन्सिलने तिथे दगड ओतून बांध घालायचं ठरवलं होतं. मला वाटलं, बरंच झालं की! पण आंटी मान हलवत होत्या.

त्या उंचवट्यावर पींगाओचा एक जुना झुबका होता. पींगाओ म्हणजे वाळूतच वाढणारं, सोनेरी पात्यांचं एक गवत. आंटींच्या आईने तो लावला होता, आणि त्याचीच पाती वाळवून आंटी टोपल्या विणायच्या. आसपास दुसरा झुबका उरला नव्हता. दगडांचे ट्रक नेमके त्याच्यावरून जाणार होते. आणि समजा त्यातून वाचला, तरी दगडावर लाट आपटली की पुढची वाळू ओढून नेते, आणि हलती वाळू नसली की पींगाओ जगत नाही.

"त्यांच्याकडून दोन हिवाळे मागून घेतलेत मी, मग ते मोजायला येणार," आंटी म्हणाल्या. "उंचवट्यावर एक लाल खुंटा ठोकलाय. कड तुटत तुटत त्या खुंट्यापर्यंत आली, की ट्रक येणार, डिअर. तोवर मी आणि माझी रोपं."

रोपं तयारच होती. बी धरून, दुधाच्या कापलेल्या खोक्यांत वाळू भरून आंटींनी ती वाढवली होती. पण ती लावायची जुलैत, थंडीपावसात, आणि पुढची बी पेरायला त्यांच्या अंगणात जागा उरली नव्हती. सहा महिने कुणीतरी ती सांभाळायला हवी होती.

"किती आहेत?" मी विचारलं.

"आता तयार आहेत ती पन्नास."

"सगळी माझी," मी म्हणाले.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, की यंदा वाणात रोपं द्यायची. त्या खिडकीशी बसल्या होत्या. सासरे गेल्यावर वर्षभरापूर्वी आम्ही त्यांना कायमच्या इकडे आणलं होतं, तेव्हापासून ती खिडकी हीच त्यांची जागा. आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत. लेकीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. रत्नागिरीकडच्या खाडीच्या तोंडावर जन्म काढलेली ती बाई दिवसभर शेजाऱ्यांचं कुंपण बघत बसायची. मला त्याचं वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की माझी चिडचिड व्हायची.

"कसलं रोप?" त्यांनी विचारलं. मी एक खोकं दाखवलं. त्यांनी चार पाती बोटांत धरून बघितली, वाळू चिमटीत घेतली आणि खोकं परत माझ्या हातात दिलं.

हळदीकुंकवाला मी आंटींनाही बोलावलं. त्यांचीच रोपं होती, त्यांनीच चार शब्द सांगावेत म्हणून. त्या फुलाफुलांचा झगा आणि पायांत जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला, घालून आल्या, दारातूनच "किया ओरा" म्हणाल्या आणि कार्पेटवर मांडी घालून बसल्या. मी कुंकवाचा करंडा घेऊन त्यांच्याकडे वळले, तशी माझ्या कानाशी एक मैत्रीण पुटपुटली, "अगं, यांचे मिस्टर आहेत ना?"

नव्हते. दहा वर्षांपूर्वीच गेले होते, मला माहीत होतं. माझं डोकं असं सणकलं! एरवी ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या शेजारी उभी राहणारी ही मैत्रीण माझी. मी आंटींच्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं आणि मैत्रिणीकडे बघून म्हटलं, "झालं. आता पुस तूच, जमत असेल तर."

त्याच तिरीमिरीत मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई तिथे लाडवांचं ताट पुसत उभ्या होत्या. अशा दिवशी त्या बाहेर येतच नसत. मी त्यांच्यापुढे एक खोकं धरलं. "आई, तुम्ही पण घ्या वाण."

त्यांचा हात मागे गेला. "वाण सवाष्णींचं असतं," त्या म्हणाल्या. "उगाच हट्ट करू नकोस. लोक आलेत घरी."

मी खोकं ओट्यावर ठेवून बाहेर आले. थोड्या वेळाने बघते तर आंटी आत जाऊन सासूबाईंच्या शेजारी स्टुलावर बसलेल्या, कपाळावर ते भलंमोठं कुंकू, आणि दोघी न बोलता लाडू खातायत. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. तरी दोघी बऱ्या दिसत होत्या.

त्या दिवशी प्रत्येकीला दोन अशी बेचाळीस खोकी घरोघरी गेली. चार बायका आल्याच नव्हत्या, त्यामुळे आठ उरली. ती मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा पाइप घेऊन गेले. सासूबाईंनी खिडकीतून हाक मारली. "पाणी घालू नकोस त्यांना!"

"आई, वाळूत आहेत ती. सुकून जातील."

"वाळूतलं आहे, वाळूतच राहू दे. वर पोटभर दिलंस तर मुळं खाली कशाला जातील?"

त्या बाहेर आल्या. त्यांच्या गावच्या पुळणीवर मर्यादवेल असायची, जांभळ्या फुलांची. ती वेल आहे तिथवर समुद्र येतो आणि परत फिरतो, असं गावात मानायचे. एका वर्षी होड्या ओढायला वाट हवी म्हणून लोकांनी ती उपटून काढली आणि दोन पावसाळ्यांत माडांच्या दोन रांगा पाण्यात गेल्या. हे सगळं त्यांनी मला दोरीवरचे कपडे काढता काढता सांगितलं. वर्षभरात एका दमात त्या इतकं कधी बोलल्या नव्हत्या. मग त्यांनी मला समुद्रावरून बादलीभर वाळू आणायला लावली, आणि दर आठवड्याला मूठ मूठ वाळू रोपांच्या बुडाशी टाकायला सुरुवात केली. पाणी अगदी क्वचित. मला वाटलं, मारणार या बिचाऱ्यांना. पण बाई खिडकीतून उठल्या होत्या, म्हणून गप्प बसले.

जुलै आला. आंटींच्या घरापुढे रोपं लावायचा रविवार ठरला. जोराचा वारा, रिपरिप पाऊस, आणि आमच्या सगळ्या बायका रेनकोट घालून आपापली रोपं घेऊन हजर. मी गाड्यांच्या डिक्या उघडून बघायला लागले आणि डोक्याला हात लावला.

एकीनेही ती वाळूत ठेवली नव्हती. ते हडकुळं गवत बघून प्रत्येकीच्या पोटात माया दाटून आली होती. कुणी गार्डन सेंटरमधलं काळंभोर खत आणून त्यात लावलं होतं. कुणी तुळशीशेजारी ठेवून रोज आंघोळीनंतर तांब्याभर पाणी घातलं होतं. कुणी चहाचा चोथा, कुणी तांदळाचं धुवण. आणि एक भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई, आम्हा सगळ्यांत हुशार, अभिमानाने म्हणाल्या, "मी तर आठवड्याला ताक घालत होते. माझा कढीपत्ता त्याच्यावरच जगलाय."

बहुतेकांची मुळं कुजून काळी झाली होती. काही रोपं मात्र हिरवीगार, लुसलुशीत, कोथिंबिरीसारखी माजलेली. आंटींनी त्यातलं एक हातात घेतलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "हे काय, डिअर?"

"बटरमिल्क," मी म्हणाले.

मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुंट्याकडे बघत राहिल्या. कड आणि खुंटा यांत तेव्हा त्यांची सोळा पावलं अंतर होतं. मग हळूच म्हणाल्या, "पुअर थिंग. फार लाड झाले त्याचे."

मला इतकी लाज वाटली, की धरणी दुभंगली असती तर आत गेले असते. बायकांचं काय चुकलं होतं? रोज शंभर माणसांना 'जेवणानंतर, एक ग्लास पाण्याबरोबर' असं तीन-तीनदा बजावणारी मी. बाटलीवर लेबल नसेल तर ती काउंटरवरून हलू न देणारी मी. आणि बेचाळीस रोपं हातात दिली, ती कशी सांभाळायची हे एका चिठ्ठीवर लिहून दिलं नाही! आंटींना चार शब्द बोलायला म्हणून बोलावलं आणि त्या कुंकवाच्या तिरीमिरीत तेही राहून गेलं. दुसऱ्याची दोन हिवाळ्यांची मुदत, त्यातला एक मी माझ्या हाताने घालवला होता.

तेवढ्यात आमच्या गाडीतून सासूबाई उतरल्या. साडीवर माझ्या नवऱ्याचं जाकीट, डोक्याला स्कार्फ. त्यांनी मागच्या सीटवरची आठ खोकी एकेक करून खाली ठेवली. रोपं दिसायला खुरटीच, पाती राठ आणि पिवळट. आंटींनी एक खोकं फाडलं. आत मुळांचं असं जाळं झालं होतं, की खोकं गेलं तरी वाळू जागची हलली नाही. आंटींनी ते रोप उंच धरलं, सासूबाईंकडे बघितलं आणि मोठ्याने हसल्या. सासूबाईंनी फक्त पदर सावरला.

त्या दिवशी आम्ही ती आठ आणि बाकीच्यांतली बरी दिसणारी नऊ लावली. ताकावरची दोन्ही खाऱ्या वाऱ्याने आठवड्यात करपली. ऑक्टोबरात वादळ आलं, नेमकं उधाणाच्या भरतीला. तो आठवडाभर माझा जीव टांगणीला. वारा थांबल्यावर गेलो तर लावलेल्यांतली पाच उरली होती, पाचही सासूबाईंची. आंटींच्या आईचा झुबका कडेला लोंबत होता. आंटींनी पावलं मोजली. सात.

"एक हिवाळा उरलाय," त्या म्हणाल्या. सासूबाईंना मी ते मराठीत सांगितलं. त्या कडेवर उभ्या राहून पाण्याकडे बघत होत्या.

"झापं लावायला हवीत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माडाची झापं. विणलेली. आमच्याकडे वाऱ्याला आडवी लावतात, मग वाळू त्यांच्याशी येऊन बसते. तोवर रोपांना दम मिळतो."

न्यूझीलंडच्या त्या किनाऱ्यावर माडाची झापं कुठून आणायची? मी आंटींना इंग्रजीत, हातवारे करून समजावलं. आंटींनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. नाताळ झाला की घरोघरची पाइनची झाडं फुटपाथवर पडतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मराठी बायका, एरवी लिपस्टिक बिघडेल म्हणून वाऱ्यात उभ्या न राहणाऱ्या, गाड्यांच्या टपांवर लोकांची टाकून दिलेली ख्रिसमस ट्री बांधून समुद्राकडे निघालो. एकीच्या झाडावर चमचमत्या माळाही राहिल्या होत्या. सासूबाईंनी ती झाडं खुंट्याच्या अलीकडे-पलीकडे, वाऱ्याला आडवी, ओळीने रोवून घेतली. आंटी बोटाने दाखवायच्या, सासूबाई मानेने नाही म्हणायच्या आणि दोन हात पलीकडे दाखवायच्या. शेवटी आंटींनी दाखवणं सोडून दिलं.

त्या संक्रांतीला पुन्हा रोपंच वाटली, पण या वेळी प्रत्येक खोक्यावर मी माझ्या फार्मसीतल्यासारखं लेबल चिकटवलं. 'पाणी: पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा कप. वाळू: आठवड्याला एक मूठ. खत: नाही. चहा: नाही. ताक: अजिबात नाही. शंका असल्यास सासूबाईंना फोन करावा.' आणि फोन यायला लागले. "आजी, पाती पिवळी पडलीत, घालू का थोडं पाणी?" "घालू नकोस," सासूबाई सांगायच्या. "पण बिचारं..." "बिचारं नाही ते. ठेव फोन." माझ्यासारखंच तोंड त्यांचंही आहे, हे मला तेव्हा कळलं. लेक मला म्हणाली, "मम, आजी इज सो बॉसी." मला फार आनंद झाला.

दुसऱ्या जुलैत छत्तीस रोपं लावली, सगळी राठ, सगळी जिवंत. पुन्हा वसंतातलं वादळ आलं आणि त्याने पुढची कड खाल्ली. मी हबकले, पण सासूबाई शांत होत्या. "थोडं खाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "परत आणून टाकेल." तुटलेल्या कडेवरून पींगाओचे लांब धावते दोर खाली लोंबत होते, आणि पुढच्या पंधरवड्यात पाण्याने आणलेली वाळू वाऱ्याने उडून त्यांच्यातच अडकायला लागली. दगड असता तर लाटेशी भांडत बसला असता. ही वाळू मागे सरली, आणि परत पुढे आली.

नोव्हेंबरात कौन्सिलचा माणूस टेप आणि फाइल घेऊन आला. आंटींनी मला रजा घेऊन यायला सांगितलं होतं, मी सासूबाईंनाही नेलं. आंटींचे हात थंडगार होते. फार्मसिस्ट म्हणून मला त्यांच्या रक्तदाबाची काळजी वाटत होती आणि माझाही काही ठीक नसावा. तो माणूस उंचवट्यावर चढला आणि इकडेतिकडे बघायला लागला. चार पावलं डावीकडे गेला, परत आला. बुटाने वाळू उकरून बघितली. फाइल बघितली.

"खुंटा कुठाय?" त्याने विचारलं.

आम्ही तिघी बघतच राहिलो. खुंटा नव्हता. वादळात वाहून गेला असेल, असं माझ्या मनात आलं. मग त्याने कुंपणापासून टेप लावली, जागा धरली, गुडघ्यांवर बसून हाताने वाळू काढायला लागला. वीतभर खाली लाल टोक दिसलं. गुडघाभर उंच खुंटा वाळूने अख्खा गिळला होता. कड त्याच्या पलीकडे एकोणीस पावलांवर होती.

तो माणूस हसला. "वेल," तो म्हणाला, "इथे ट्रकची काही गरज दिसत नाही." आणि ते टोक त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा झाकून टाकलं. आंटी वाळूत बसल्या आणि रडल्या. मीही रडले. सासूबाई रडल्या नाहीत. त्या आंटींच्या आईच्या झुबक्यापाशी गेल्या आणि त्याच्या बुडाशी एक मूठ वाळू टाकली.

त्या उन्हाळ्यात आंटींनी कित्येक वर्षांनी पहिल्यांदा त्या झुबक्याची पाती घेतली. मोजून थोडीच. झुबका धोक्यात होता तोवर त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

संक्रांतीला आमच्या घरी नेहमीची गर्दी होती. सासूबाई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात. आंटी आल्या, कपाळ पुढे करून त्यांनी माझ्याकडून कुंकू लावून घेतलं आणि सरळ आत गेल्या. हाताला धरून सासूबाईंना बाहेर आणलं आणि सगळ्यांच्या मध्ये उभं केलं. मग पिशवीतून एक ओंजळीएवढी टोपली काढली. पींगाओची, वाळून सोन्यासारखी झालेली. मला म्हणाल्या, "हिला सांग. परत विणायला लागलं की पहिली टोपली स्वतःकडे ठेवायची नसते, देऊन टाकायची असते. आमची रीत आहे."

मी सांगितलं. आंटींनी टोपली पुढे धरली. सासूबाईंचा हात मागे गेला, अगदी दोन वर्षांपूर्वी गेला होता तसाच. कानाशी पुटपुटणारी माझी मैत्रीण तिथेच होती, या वेळी तिने तोंड उघडलं नाही. मी बोलायला गेले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःला आवरलं.

सासूबाईंनी टोपलीकडे बघितलं, मग आंटींच्या कपाळाकडे. माझ्या गडबडीत कुंकू वाकडं लागलं होतं, भुवईपर्यंत ओघळलेलं. त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला. आंटींनी टोपली पदरात ठेवली.

"करंडा आण गं इकडे," सासूबाई मला म्हणाल्या. "हिला नीट लावते. तुला अजून सरळ कुंकू लावता येत नाही."